ओढ्याकाठचा पूर : बंदिस्त करायचा, भिंती बांधायच्या की जागा सोडायची?

पायरी_तिसरी

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमच्या वस्तीमागून एक ओढा जातो. दोन्ही काठ पूर्ण बांधून झालेत. काही ठिकाणी तर इमारतीचं कुंपण हाच ओढ्याचा काठ. पाच वर्षांत दोनदा पाणी आत आलं, दुसऱ्या वेळी जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत. (आयडीचं रहस्य कळलं असेल.)

आता या ओढ्याचा आराखडा तयार झालाय आणि रहिवाशांकडून हरकती-सूचना मागवल्यात. त्यात तीन पर्याय आहेत. एक, ओढा काँक्रीटच्या पेटीत बंदिस्त करून वरून रस्ता. दोन, तळ खोल करून दोन्ही बाजूंना उंच आरसीसी भिंती. तीन, जमेल तिथे पात्र रुंद करायचं, वरच्या अंगाची दोन मैदानं खोलगट करून पावसाचं पाणी तिथे तात्पुरतं अडवायचं आणि काठाला अगदी चिकटलेली काही बांधकामं हलवायची.

बैठकीत जवळपास सगळ्यांनी पहिल्या पर्यायाला हात वर केला. रस्ता मिळतो, वास जातो, डास जातात. मीही केला. रात्री मात्र झोप येईना. पाणी जायचं कुठे, हे कुणी विचारलंच नाही. जाणकारांनी सांगावं, कागदात नेमकं काय बघायचं?

उंबरठा

ओढ्याने वाहायला लागण्यापूर्वी बांधकाम परवानगी घ्यायला हवी होती. सगळी चूक त्याचीच.

फक्त_वाचक

वाचतोय.

घनमीटर

या कामात बरीच वर्षं घालवली आहेत, म्हणून जरा सविस्तर.

पर्याय नंतर बघा. आधी आराखड्यात एक आकडा शोधा: किती घनमीटर पाणी दर सेकंदाला येणार असं धरलंय? आणि तो आकडा आला कुठून?

ढोबळ हिशेब घरी करता येतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. शंभर हेक्टरांचं पाणलोट (जिथलं पाणी ओढ्यात उतरतं तो सगळा भाग) घ्या, तासाला ६० मिमी पाऊस घ्या. तासाभरात साठ हजार घनमीटर पडलं, म्हणजे सेकंदाला साधारण सोळा-सतरा. शेत आणि माळ असताना त्यातलं समजा तीस टक्के लगेच वाहून येतं, बाकीचं मुरतं, अडतं, रेंगाळतं. ओढ्यात येतात ५ घनमीटर. तेच शंभर हेक्टर छपरं, पार्किंग आणि डांबराने भरलं की ऐंशी टक्के वाहून येतं. झाले १३.

लोक इथेच थांबतात. खरी गंमत पुढे आहे. शहरात पाणी गटारातून धावत येतं, त्यामुळे पाणलोटाच्या टोकाचं पाणी ओढ्यापर्यंत पोचायला तासाऐवजी वीस-पंचवीस मिनिटंच लागतात. मग हिशेबाला तासाभराची सरासरी चालत नाही, वीस मिनिटांची जोरदार सर धरावी लागते, आणि तिचा वेग जास्त असतो. ती ताशी ९० मिमीच्या वेगाने पडली तर आकडा होतो २०. पाऊस त्याच ढगातला, ओढा तोच, पाणी चौपट.

ही पद्धत मल्वनी या आयरिश अभियंत्याने १८५० च्या सुमारास मांडली. लहान पाणलोटांना आजही तीच लावतात. मोठ्यांना ती पुरत नाही, तिथे पाणी वेळेनुसार कसं चढतं-उतरतं त्याचा आलेख काढावा लागतो.

तर पहिली सूचना ही लिहा: पाणलोट आज किती बांधलेलं धरलंय, की विकास आराखड्याप्रमाणे पूर्ण बांधल्यावर किती होईल ते धरलंय? पेटी पन्नास वर्षं टिकणार असेल तर आजचा आकडा धरून चालणार नाही.

शेवाळ

घनमीटर +१. मुंबईचं उदाहरण द्यायलाच हवं. जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिमी पाऊस धरून, तेही ओहोटीच्या वेळी, आणि निम्मंच पाणी वाहून येईल असं मानून आखलेल्या होत्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पडला. एवढ्याला कुठलीच गटारं पुरत नाहीत हे मान्य. पण "निम्मं मुरेल" हे गृहीतक शहर भरल्यावरही बदललेलं नव्हतं, हा मुद्दा उरतोच.

कोरडी_विहीर

एवढं गणित कशाला? लोकांनी प्लास्टिक टाकणं बंद करावं, पूर बंद. पावसाळ्याआधी नीट गाळ काढला तर निम्मे प्रश्न सुटतील. सगळे दोष सरकारच्या माथी मारायची सवय लागलीये आपल्याला.

शेवाळ

@कोरडी_विहीर, मी चार पावसाळे मोऱ्यांची (रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जायच्या वाटांची) पाहणी केलीये, तेव्हा हे अनुभवातून. कचरा मोरी तुंबवतो, खरंय. पण तो अडकतो कशात? एका मोरीच्या तोंडावर वरच्या बाजूने पाण्याची पाइपलाइन नेलेली होती, बरोबर मधोमध, तळापासून कमरेइतक्या उंचीवर. पहिल्या पावसात झाडाची एक फांदी तिथे आडवी बसली. तिच्यावर एक गादी येऊन टेकली. मग त्या गादीवर सगळं शहर. दुपारी बघितलं तर वरच्या बाजूला पाणी रस्त्याला लागलेलं आणि मोरीच्या पलीकडे गुडघाभर. गादी टाकणाऱ्याला शिव्या घालायच्या तर घाला, पण पाइप तिथून नेणाऱ्याला मी जास्त घालेन.

आणि गाळ. दरवर्षी काढतो तो गाळ येतो कुठून, हे कुणी बघत नाही. वरच्या अंगाला चाललेल्या बांधकामांचा राडारोडा, उघडी पडलेली माती, आणि खरवडलेले काठ. पोकलेन लावून तळ खोल केला की काठाचा पायाच जातो, काठ ढासळतो, आणि पुढच्या वर्षी तीच माती परत तळात.

वळचण

सगळे मोठमोठ्या गप्पा मारताय, म्हणून विचारतो. तिसऱ्या पर्यायात "काठाला चिकटलेली बांधकामं हलवायची" असं जे एका ओळीत लिहिलंय ना, ते माझं घर आहे असं समजा. (इथलं नाही, पण माझंही असंच काठावर आहे.) नकाशा मंजूर, परवानगी आहे, कर भरतो, कर्ज अजून बारा वर्षं आहे. ज्यांनी परवानगी दिली ते निवृत्त झाले, ज्यांनी बांधलं ते पैसे घेऊन गेले. आता ओढ्याला जागा हवी म्हणून मी उठायचं?

पाणकोंबडी

वळचण, तुमचा राग समजतो. पण ओढ्याचं म्हणणंही ऐका की. ओढ्याचं पात्र म्हणजे रोज वाहतं तेवढंच नव्हे. नैसर्गिक ओढ्याचं पात्र साधारण दर दीड-दोन वर्षांनी येणाऱ्या पाण्याला पुरेल एवढंच असतं. त्याहून मोठं पाणी आलं की ते काठाबाहेर पसरणारच. ती पसरायची जागा म्हणजे ओढ्याचाच भाग, फक्त वर्षातले तीनशे साठ दिवस कोरडा असलेला. आपण त्या कोरड्या भागाला "मोकळी जागा" म्हणालो.

सिंगापूरमध्ये बिशान-आंग मो किओ उद्यानात कलांग नदीचा २.७ किमीचा सरळसोट काँक्रीट कालवा होता. तो तोडून २०१२ पर्यंत ३.२ किमीची वळणावळणाची नदी केली. पाऊस वाढला की उद्यानाचा सखल भाग पाण्याखाली जातो, ओसरलं की लोक पुन्हा फिरायला. काँक्रीट हटवा, एवढंच माझं म्हणणं.

घनमीटर

पाणकोंबडी, उदाहरण सुंदर आहे, पण अर्धंच सांगितलंत. तिथे कालव्याच्या शेजारी अख्खं उद्यान होतं. जागा होती म्हणून जमलं.

काँक्रीटच्या गुळगुळीत कालव्यात पाणी झाडाझुडपांच्या ओढ्यापेक्षा सव्वादोन-अडीच पट वेगाने जातं, उतार आणि खोली तीच असली तरी. उलटं करून बघा: काँक्रीट काढून गवत-झुडपं आणलीत तर तेवढंच पाणी न्यायला सव्वादोन-अडीच पट छेद (पात्राची रुंदी गुणिले खोली) लागतो. तो दोन इमारतींच्या मधल्या बोळात कुठून काढणार? दोन्ही काठ बांधलेल्या ओढ्यात "निसर्गाकडे चला" म्हणणं म्हणजे कुणाचं तरी घर उठवा म्हणणं. ते म्हणायचं असेल तर स्पष्ट म्हणा, वळचणकडे बघून म्हणा.

पाणकोंबडी

टोमणा पोचला. मग वेगाने नेलेल्या पाण्याचं पुढे काय होतं तेही स्पष्ट म्हणा की.

खालचं_आळं

तेच सांगायला लॉगिन केलं. मी ओढ्याच्या खालच्या अंगाला राहतो. वरच्यांनी भिंती बांधल्या त्या वर्षीपासून आमच्याकडे पाणी चढायला लागलं. आधी पाणी वरच्या रिकाम्या प्लॉटांमध्ये पसरायचं, तास-दोन तास बसायचं, मग आरामात खाली यायचं. आता भिंतींमधून सरळ आमच्या अंगावर.

मग आमच्याकडेही भिंत बांधली. पुढच्या पावसात ओढा भिंतीच्या आत होता आणि आम्ही तरी पाण्यात. कारण आमच्या आवारातलं पाणी ओढ्यात जायला ज्या नळ्या ठेवल्या होत्या त्यांना झडपाच नव्हत्या. ओढा चढला आणि त्याच नळ्यांनी उलटा आत आला. सगळ्यात आधी तळमजल्याच्या बाथरूमच्या जाळीतून. बुडबुडे आले, मग काळं पाणी, मग जाळीच उचलली गेली. पुढे झडपा बसवल्या. आता ओढ्याचं पाणी आत येत नाही, पण ओढा भरलेला असताना आवारातला पाऊस बाहेरही जात नाही. पंप आणला. वीज गेली.

@पायरी_तिसरी, पर्याय दोन असेल तर एवढं नक्की विचारा: भिंतीच्या आतलं पाणी बाहेर कसं जाणार?

उंबरठा

"पंप आणला. वीज गेली." दोन वाक्यांत अख्खं शहर नियोजन सांगितलंत. दंडवत.

त्रिज्या

एक राहून जातंय. आराखड्यात "२५ वर्षांतून एकदा येणारा पूर" किंवा "१०० वर्षांतला पूर" असं लिहिलेलं असेल. त्याचा अर्थ बहुतेक जण चुकीचा घेतात. "मागच्याच वर्षी शंभर वर्षांतला येऊन गेला, आता नातवंडं बघतील" असं मी खुद्द बैठकीत ऐकलंय.

शंभर वर्षांतला म्हणजे कुठल्याही एका वर्षी येण्याची शक्यता १ टक्का. नाण्याला आठवण नसते तशी ढगालाही नसते. तीस वर्षं एकाच घरात राहिलात तर या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के, म्हणजे चारात एक. आणि पेटी दहा वर्षांतल्या पुरासाठी आखली असेल तर तीस वर्षांत ती एकदा तरी अपुरी पडण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या वर. हे तेव्हाच कळलं तर लोक हात वर करतील का?

शिवाय हे सगळे आकडे मागच्या पावसाच्या नोंदींवरून काढलेले. तीव्र सरी वाढत चालल्यात, त्यामुळे जुना शंभराचा पूर आता शंभराचा राहिलाय का, हाही प्रश्न आहे.

ठिपका

अवांतर: दक्षिण कोरियात सोलमध्ये चॉन्ग्येचॉन नावाच्या ओढ्यावर काँक्रीट आणि वरून उन्नत रस्ता होता. २००३ ते २००५ मध्ये तो सगळा पाडून ५.८ किमी ओढा परत उघडा केला. म्हणजे जग पेट्या फोडतंय आणि आपण बांधतोय. फोटो बघाच, काय देखणा आहे.

घनमीटर

देखणा आहेच. पण एरवी त्यात वाहणारं पाणी बरंचसं हान नदीतून पंपाने आणलेलं असतं, आणि मोठ्या पावसात खालचे रस्ते बंद करून लोकांना बाहेर काढतात. ते पुनरुज्जीवन आहे की चांगल्या पद्धतीने आखलेला उघडा कालवा आहे, यावर आमच्यात वाद चालतात. माझ्या मते दुसरं. पण उघडा आहे म्हणून गाळ दिसतो, अडथळा दिसतो, आणि क्षमतेपेक्षा जास्त पाणी आलं तर ते वर पसरतं. बंद पेटीत ही सोय नसते.

पेटीचा तोटा इथेच सांगून टाकतो. पेटी भरेपर्यंत उत्तम चालते. भरून छताला लागली की छताचंही घर्षण सुरू होतं, जास्तीचं पाणी नेण्याची ताकद फारशी उरत नाही, आणि वरच्या तोंडाला पाणी तुंबून चढायला लागतं. उघड्या पात्रात वीतभर पाणी चढलं की वाहून नेण्याची क्षमता चांगलीच वाढते. आत गाळ साचला तर यंत्र जाईल एवढी उंची ठेवली आहे का, उतरायला जागा कुठे कुठे आहे, वायू साचला तर काय, हे आराखड्यात क्वचितच असतं. आणि वरच्या रस्त्याखाली ओढा होता हे पंधरा वर्षांनी कुणाला आठवत नाही. मग वरून बांधकामाची परवानगी मागायला लोक येतात.

उंबरठा

आणि मिळते.

पेन्सिल

टोकियोसारखं का करू नये? जमिनीखाली प्रचंड टाकी, खांबांचं देवालयच जणू. विषय संपला.

त्रिज्या

टोकियोच्या उत्तरेकडचा तो बोगदा ६.३ किमी लांब आहे, जमिनीखाली सुमारे ५० मीटर. लहान नद्यांचं जास्तीचं पाणी उचलून एदो नदीत सोडतात, सेकंदाला २०० घनमीटरपर्यंत. १९९३ ला काम सुरू झालं, २००६ ला पूर्ण झालं. सोडायला शेजारी मोठी नदी आहे, पंप चालवायला टर्बाइनं आहेत. वस्तीमागच्या ओढ्यासाठी हे मागणं म्हणजे उंदीर मारायला तोफ.

वळचण

माझ्या प्रश्नाला बगल देऊन सगळे सिंगापूर-सोल-टोकियो फिरून आले. मी अजून काठावरच आहे.

पाणकोंबडी

खरंय, चुकलं. उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

अमेरिकेतल्या टल्सा शहरात १९८४ च्या मे महिन्यात एका रात्रीच्या पावसात १४ माणसं गेली. त्या शहरात आधीही वारंवार पूर येत होते. त्यानंतर त्यांनी मिंगो ओढ्यावर दोन्ही गोष्टी केल्या. पुन्हा पुन्हा बुडणारी घरं विकत घेऊन पाडली आणि पाणी अडवायला खोलगट मैदानं केली. एरवी तिथे खेळ चालतात. अमेरिकेतल्याच शार्लट शहराच्या परिसरात १९९९ पासून असाच कार्यक्रम आहे. चारशेहून जास्त इमारती विकत घेऊन काठ मोकळे केले.

दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या. घर *विकत* घेतलं, उठवलं नाही. आणि पूर येण्याआधीच कोणती घरं घ्यायची याची यादी तयार ठेवली, म्हणजे पूर आल्यावर लोक दुरुस्तीला पैसे घालण्याआधीच प्रस्ताव दारात. तुम्हाला "हलवा" एवढंच सांगितलं जातंय, कुठे, किती, कधी ते नाही. त्यामुळे तुम्ही चिडणं रास्तच आहे.

वळचण

असा कागद कुणी घेऊन आलं तर मी चर्चेला बसेन. मंजुरी देणाऱ्यांनी थोडी लाजही आणावी बरोबर, पण ते असो.

घनमीटर

वळचण, आमच्याही क्षेत्राने तुमचं नुकसान केलंय, हे कबूल करतो. भिंत बांधली की "आता सुरक्षित" असं सांगितलं जातं, मग भिंतीमागे आणखी घरं येतात, आणि भिंतीहून मोठा पूर आला की पूर्वीपेक्षा जास्त नुकसान. गिल्बर्ट व्हाइट हा भूगोलतज्ज्ञ हे १९४० च्या दशकापासून सांगत होता. ह्यूस्टनला तर पाणी अडवायला १९४० च्या दशकात बांधलेल्या दोन जलाशयांच्या *आत*, म्हणजे जिथवर पाणी साठणार हे ठाऊक होतं तिथे, वसाहती झाल्या. २०१७ च्या हार्वी वादळात त्या बुडाल्या. जलाशयाने आपलं काम चोख केलं होतं.

कोरडी_विहीर

मग सगळ्यांनी मैदानं खोदून पाणी अडवावं, एवढं सोपं आहे तर. प्रत्येक सोसायटीला एक टाकी सक्तीची करा.

घनमीटर

तुमची चेष्टा असेल, पण हे गंभीरपणे सुचवलं जातं, म्हणून लिहितो. पाणी अडवणं म्हणजे त्याची वेळ बदलणं. समजा तुमचा उपओढा पाणलोटाच्या खालच्या टोकाला आहे. त्याचा लोंढा आत्ता मुख्य ओढ्याचा लोंढा येण्याआधीच निघून जातो. तुम्ही मैदानात अडवून तो अर्धा तास उशिरा सोडलात, आणि नेमका तेव्हाच वरचा मोठा लोंढा पोचला. दोन्ही एकमेकांवर चढले. हेतू चांगला, परिणाम उलटा. म्हणून कुठे अडवायचं हे अख्खं पाणलोट मांडून ठरवावं लागतं, प्रभागाच्या नकाशावर नाही.

आणि किती अडवायचं? ओढ्याच्या क्षमतेपेक्षा सेकंदाला सरासरी १० घनमीटर जास्त पाणी अर्धा तास येणार असेल तर १८,००० घनमीटर. दीड मीटर खोल मैदान धरलं तर सव्वा हेक्टरच्या आसपास. तिसऱ्या पर्यायातली दोन मैदानं मिळून केवढी आहेत ते मोजा. सोसायटीच्या टाक्यांनी छोट्या सरींचं पाणी थांबतं, ते चांगलंच आहे. पण टाकी आधीच भरलेली असेल तर पुराच्या दिवशी तिचा उपयोग शून्य.

शेवाळ

याला जोडून: चीनने २०१४-१५ पासून "स्पंज शहरं" केली. पाणी मुरवा, साठवा, सावकाश सोडा. झंगझोऊ शहरातही तशी कामं झाली होती. २० जुलै २०२१ ला तिथे एका तासात २०१.९ मिमी पडला आणि भुयारी रेल्वेत पाणी शिरून माणसं गेली. मुरवणं वाईट असं नाही, पण रोजच्या पावसाचं औषध आणि ढगफुटीचं औषध वेगळं असतं. कोपनहेगनने २ जुलै २०११ च्या ढगफुटीनंतर काही रस्तेच असे आखायला घेतले की गटारं भरली की रस्त्यावरून पाणी ठरलेल्या वाटेने बागेत किंवा बंदराकडे जाईल. गटार भरणारच आहे, त्यानंतर पाणी कुठून जाईल ते आधी ठरवा. सूचना लिहिताना हे वाक्य जसंच्या तसं घाला.

फक्त_वाचक

चौथ्यांदा वाचतोय. आता आमच्या मागच्या नाल्याकडे बघायची हिंमत होत नाहीये.

ठिपका

@पायरी_तिसरी कुठे गेले? धागा पेटवून गायब.

पायरी_तिसरी

गायब नाही, ओढ्यात होतो. सांगतो.

तुमचं वाचून रविवारी सकाळी टेप, काठी आणि भाचा घेऊन निघालो. आराखड्यात पेटी पाच मीटर रुंद, दोन मीटर उंच अशी दाखवलीये. मागच्या पुराचं पाणी किती चढलं होतं ते आधी बघितलं. सोपं होतं. बाभळीच्या फांदीला एक हिरवा टी-शर्ट अजून लटकलाय, माझ्या डोक्याच्या दोन हात वर. खालून वर बघताना पोटात गोळा आला.

मग खाली चालत गेलो. आराखड्याची लाल रेघ एका कोपऱ्यावर संपते, कारण तिथे प्रभाग संपतो. त्या कोपऱ्यापासून शंभर पावलांवर जुन्या रस्त्याची मोरी आहे. नळ्यांची. दोन ह्यूम पाइप. भाच्याने वाकून टेप धरला: १२० सेंटिमीटर. दुसराही तेवढाच, पण निम्मा गाळाने भरलेला, आणि त्यातून एक केबल गेलीये. मोरीच्या अलीकडे पात्राच्या मधोमध ड्रेनेजचं चेंबर उभं आहे, गळ्याइतकं उंच, सभोवती चिंध्यांचा हार.

रात्री बसून हिशेब केला. दोन्ही पाइप साफ धरले तरी मिळून सव्वादोन चौरस मीटर. आणि वरून आमची नवी पेटी येणार दहा चौरस मीटरची. म्हणजे आम्ही दहाचं पाणी गुळगुळीत करून, वेग वाढवून, सव्वादोनच्या तोंडावर नेऊन आपटणार. आणि मोरी तुंबली की पाणी मागे चढत कुठे येणार? माझी तिसरी पायरी मोरीच्या रस्त्यापेक्षा खाली आहे. तेही मोजलं, पाण्याच्या नळीने, दोन टोकांना पातळी बघून.

घनमीटर

अहो, शाबास! नळीने पातळी काढलीत? निम्म्या सल्लागारांपेक्षा जास्त काम केलंत.

मागचे दोन्ही पूर बहुतेक या मोरीनेच आणलेत. मोरी मोठी करायला सांगा, पण तेवढंच सांगून थांबू नका, नाहीतर खालचं_आळं तुम्हाला शोधत येतील. मोरी सध्या नकळत धरणाचं काम करतेय. ती उघडली की ते पाणी खाली जाणार. म्हणून क्रम असा हवा: वर मैदानांत अडवायचं, मग मोरी मोठी करायची, मग तुमच्या भागाचं काम.

खालचं_आळं

शोधत येणारच होतो. धन्यवाद.

वळचण

आणि काठाला चिकटलेली घरं?

पायरी_तिसरी

वळचण, सूचनेत तुमचा मुद्दा घातलाय. मसुदा असा आहे, दुरुस्त्या सुचवा:

"पर्याय निवडण्याआधी पुढील माहिती द्यावी. पाणी किती धरले आहे आणि पाणलोट पूर्ण बांधल्यावर किती होईल. प्रभागाच्या हद्दीपलीकडच्या मोरीची क्षमता किती आहे. पेटी किंवा भिंतीपेक्षा जास्त पाणी आले तर ते कोणत्या वाटेने जाईल, ते नकाशावर दाखवावे. भिंतीमागचे पाणी कसे बाहेर काढणार. हलवायच्या प्रत्येक बांधकामाबाबत मोबदला आणि पर्यायी जागा लेखी ठरल्याशिवाय यादी अंतिम करू नये. मोरीच्या खालच्या वस्तीलाही सुनावणीस बोलवावे."

आणि मी पहिल्या पर्यायाला वर केलेला हात खाली घेतलाय, तेही लिहिलंय.

त्रिज्या

"किती वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी" हे राहिलं. आणि तीस वर्षांत तो येण्याची टक्केवारीही छापायला सांगा.

शेवाळ

चेंबर आणि केबल कुणाची आहे तेही विचारा. प्रत्येक जण दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवेल. ती उत्तरं एकत्र जोडून ठेवा, सुनावणीला उपयोगी पडतात.

कोरडी_विहीर

मोरीतला गाळ मात्र पावसाआधी काढून घ्या. माझं म्हणणं इतकंही चूक नव्हतं.

शेवाळ

नव्हतं. काढाच.

पायरी_तिसरी

दोन्ही घातलं. उद्या देतोय. पोच घेऊन येईन, उत्तर आलं की इथेच टाकतो.

उंबरठा

तो हिरवा टी-शर्ट काढू नका. सुनावणीच्या दिवशी साहेबांना तिथेच उभं करा आणि वर बघायला सांगा.